कार्बाईड भट्टीत का जळतं आणि कोणतं कुठवर टिकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये जुन्या शँकवरच्या (हत्याराच्या पोलादी दांड्यावरच्या) टंगस्टन कार्बाईडच्या टिपा, म्हणजे कापणारी टोकं, सोडवायच्या होत्या. हत्यारं ८५० अंशांच्या मफल भट्टीत (विजेच्या बंद भट्टीत) टाकली आणि रात्रभर तशीच राहिली. सकाळी टिपांच्या जागी पिवळट-हिरवं, बोटानं चुरगळणारं पीठ. त्याच भट्टीला तापवणारे सिलिकॉन कार्बाईडचे रॉड मात्र वर्षभर याहून जास्त तापमानाला लाल होऊन चालताहेत, फक्त आता भट्टी पूर्वीसारखी तापमानाला चढत नाही. दोन्ही कार्बाईड, दोन्ही सिरॅमिक, टंगस्टन कार्बाईड तर २८०० अंशांच्या आसपास वितळतं, मग ८५० ला पीठ कसं झालं? सोबत, घरातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला याच विषयावर प्रोजेक्ट करायचं आहे, मोजमाप कसं करावं, हेही विचारलं आहे.

आधी वितळणबिंदू बाजूला ठेवा. निर्वातात किंवा आर्गॉनमध्ये तो कामाचा आकडा आहे, हवेत नाही. हवेत कार्बाईड किती टिकेल हे त्याच्यावर बसणारा ऑक्साईड ठरवतो. हाफ्नियम कार्बाईड ३९०० अंशांच्या आसपास वितळतं, त्याचा ऑक्साईड साधारण २८०० ला. इथवर ठीक. टँटलम कार्बाईडचा आकडाही ३८०० च्या घरात, पण त्याचा ऑक्साईड १८७० लाच पातळ होतो. टंगस्टनचा ऑक्साईड १४७३ ला वितळतो आणि त्याच्या बराच आधी, ९००-१००० अंशांपासूनच, वाफ होऊन उडायला लागतो. व्हॅनेडियमची गत सर्वांत वाईट: कार्बाईड २८०० पर्यंत घट्ट, ऑक्साईड ७०० च्या आतच पाणी. कॅटलॉगमधला मोठा आकडा बघून माल घेणारे इथेच फसतात.

साधं धातूचं गंजणं आणि कार्बाईडचं ऑक्सिडेशन यात एक मोठा फरक आहे. लोखंडावर ऑक्सिजन बसतो तेव्हा वजन नुसतं वाढतं. कार्बाईडमध्ये ऑक्सिजन धातूला धरतो आणि त्याच वेळी कार्बनला कार्बन मोनॉक्साईड किंवा डायऑक्साईड करून हाकलतो. हा वायू तयार होतो थराच्या खाली, जिथे कार्बाईड आणि ऑक्साईड एकमेकांना भिडतात तिथे. त्याला बाहेर जायला वाट हवी. थर घट्ट असेल तर आत दाब वाढतो आणि तव्यावरची भाकरी वाफेनं फुगावी तसा वरचा पापुद्रा उचलला जातो, तडकतो, आणि खालचं ताजं कार्बाईड पुन्हा हवेला उघडं पडतं. थर सच्छिद्र असेल तर वायू निमूट निघून जातो, पण त्याच भोकांतून ऑक्सिजनही निमूट आत येतो.

दुसरा मुद्दा जागेचा. पिलिंग आणि बेडवर्थ यांनी १९२३ मध्ये धातूंसाठी मांडलेलं गुणोत्तर इथेही लावता येतं: जितकं कार्बाईड खर्ची पडलं, त्याच्या किती पट जागा ऑक्साईडला लागते? टंगस्टन कार्बाईडची घनता १५.६, त्याच्या ऑक्साईडची ७.२ च्या आसपास. एका मोलमागे १२.५ घन सेंटिमीटरचे ३२ पेक्षा जास्त होतात, म्हणजे अडीच पटींहून अधिक. कोपऱ्यावर आणि कडेवर तर थराला दोन बाजूंनी पसरायचं असतं. म्हणून टिप आधी कडांवरून फाटते, चौकोनी तुकडा अधिकच्या चिन्हासारखा उमलतो आणि मधला गाभा शेवटपर्यंत राहतो. तुमच्या टिपांपैकी जी सर्वांत कमी बिघडली असेल ती मधोमध फोडून बघा, आत चकाकतं करडं कार्बाईड सापडेल.

टंगस्टन कार्बाईड हवेत ५०० ते ६०० अंशांपासून हळूहळू ऑक्सिजन घेऊ लागतं, बारीक पूड असेल तर आणखी खाली. ७०० नंतर वेग झपाट्यानं वाढतो. टिपेतले कार्बाईडचे कण कोबाल्टनं बांधलेले असतात, त्यामुळे थरात दोन गोष्टी असतात: पिवळा टंगस्टन ट्रायऑक्साईड आणि कोबाल्ट टंगस्टेट. ऑक्सिजन जिथे पुरेसा पोचला नाही तिथे टंगस्टनचे कमी ऑक्सिजनवाले निळे-काळे ऑक्साईड दिसतात. कोबाल्ट जास्त असलेल्या ग्रेडमध्ये टंगस्टेट जास्त बनतं आणि तो थर त्यातल्या त्यात दाट असतो, त्यामुळे वेग थोडा कमी पडतो. टिटॅनियम आणि टँटलम कार्बाईड मिसळलेले स्टीलसाठीचे पी ग्रेड साध्या, नुसत्या टंगस्टन कार्बाईड-कोबाल्टच्या के ग्रेडपेक्षा जरा जास्त तग धरतात. पण ८५० ला रात्रभर म्हटल्यावर ग्रेडचा फरक शोधण्यात अर्थ नाही, सगळेच जातात.

टिपा सोडवायची रीत अशी. बहुतेक टिपा सिल्व्हर ब्रेझिंगनं (चांदीच्या मिश्रधातूच्या डाकानं) बसवलेल्या असतात आणि तो जोड ६२० ते ७५० अंशांच्या पट्ट्यात मऊ होतो. टिपेच्या भोवती फ्लक्सचा (डाकाच्या वेळी हवा अडवणाऱ्या पेस्टचा) जाड लेप द्या, टॉर्चची ज्योत जराशी ॲसिटिलीन-जास्त ठेवा, आणि ती टिपेवर नव्हे तर खालून शँकवर मारा. पोलाद चेरीसारखं लाल झालं की टिप चिमट्यानं बाजूला सरकवायची, उचकटायची नाही. काम मिनिटा-दोन मिनिटांचं. इंडक्शनची वेटोळी असेल तर उत्तमच. भट्टीशिवाय पर्याय नसेल तर हत्यारं झाकणाच्या लोखंडी डब्यात कोळशाच्या भुकटीत पुरा, झाकणाची फट मातीनं लिंपा, ७५० च्या वर जाऊ नका आणि डबा तापल्यावर दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढा. तांब्यानं ब्रेझ केलेल्या टिपा या मार्गानं सुटणार नाहीत, तांबं १०८३ ला वितळतं. तिथे इंडक्शन किंवा हायड्रोजन भट्टीच हवी. सुटलेल्या टिपा गार फरशीवर किंवा पाण्यात टाकायच्या नाहीत, कोरड्या वाळूत वा राखेत गाडायच्या. टिप पुन्हा पोलादावर बसवताना तर हे अधिकच पाळा, कारण कार्बाईड तापल्यावर पोलादाच्या जेमतेम निम्मं पसरतं आणि घाईत गार केलं की जोडाच्या रेषेवर तडा येतो.

दोन गोष्टी जपा. जुन्या सिल्व्हर ब्रेझिंगमध्ये कॅडमियम असायचं, त्याचा धूर जीवघेणा आहे. म्हणून हे काम उघड्यावर किंवा एक्झॉस्टखाली करा. आणि ते पिवळं-हिरवं पीठ काँप्रेसरच्या हवेनं उडवू नका. कोबाल्ट असलेली धूळ फुफ्फुसाला वाईट. मास्क लावून ओल्या फडक्यानं गोळा करा आणि डब्यात ठेवा. ते फेकायचं नसतं, भंगारात कार्बाईड किलोवर जातं, आणि पुनर्वापर करणारे कारखाने एका पद्धतीत मुद्दाम हेच करतात: कार्बाईड हवेत भाजून ऑक्साईड करायचं आणि मग अल्कलीत विरघळवून टंगस्टन काढायचं. तुमच्या भट्टीनं त्यांचं अर्धं काम फुकटात केलं आहे. ज्या टिपांचा फक्त रंग गेला आहे त्या डायमंड व्हीलवर ०.२-०.३ मिलिमीटर घासा. खाली एकसारखा करडा पृष्ठभाग लागला तर वापरा, काळ्या रेषा दिसत राहिल्या तर तीही डब्यात.

आता रॉडकडे. सिलिकॉन काटेकोर अर्थानं धातू नाही, पण कारखान्यात तो याच कुटुंबात धरतात. सिलिकॉन कार्बाईडवर सिलिका बसते. गंमत म्हणजे जागेचं गुणोत्तर इथेही दोनच्या वर आहे, सुमारे २.२, तरी थर फाटत नाही. कारण भट्टीच्या तापमानाला सिलिका काचेसारखी असते, ताण आला की ती किंचित वाहते आणि भेगा भरून काढते. शिवाय तिच्यातून ऑक्सिजन अतिशय सावकाश सरकतो. घन, शुद्ध सिलिकॉन कार्बाईड कोरड्या हवेत १२०० ते १३०० अंशांना शंभर तास ठेवलं तरी थर काही मायक्रॉनचाच असतो, आणि थर जाड होईल तसा वेग आपोआप मंदावतो. टंगस्टन कार्बाईडकडे हा लगाम नाही. त्याचा थर रोज नवा फाटतो, म्हणून वेग पहिल्या तासाला तोच आणि दहाव्या तासालाही तोच.

मग भट्टी चढत का नाही? रॉड घन नसतो, कणांना कणांच्या मानेनं जोडलेला सच्छिद्र गज असतो. सिलिका बाहेरून दिसते तितकीच आतल्या छिद्रांतही बसते, मानांभोवती वेढे घालते आणि वीज जायची वाट अरुंद करते. रॉड तुटत नाही, त्याचा रेझिस्टन्स वाढत जातो. पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, तेव्हा रेझिस्टन्स चौपट झाला तर तीच पॉवर मिळवायला व्होल्टेज दुप्पट लागतं. ट्रान्सफॉर्मरला वरचे टॅप (जास्त व्होल्टेज देणाऱ्या जोडण्या) त्यासाठीच दिलेले असतात. तुमच्या भट्टीत टॅप अजून मधलाच असेल तर आधी तो एक पायरी वर घ्या आणि ॲम्पिअर बघा. शेवटच्या टॅपवरही पुरेसा करंट येत नसेल, म्हणजे मूळच्या तिप्पट-चौपट रेझिस्टन्स झाला असेल, तर रॉड बदलायची वेळ झाली.

रेझिस्टन्स गार रॉडवर मल्टिमीटर लावून मोजू नका. सिलिकॉन कार्बाईडचा रेझिस्टन्स गार असताना जास्त असतो, ७००-८०० अंशांपर्यंत उतरतो आणि मग पुन्हा चढतो. गार आकडा गोंधळात टाकतो. भट्टी हजाराच्या वर स्थिर करा, प्रत्येक रॉडचं व्होल्टेज आणि क्लँप मीटरवरचा करंट लिहा, भागाकार करा. हे महिन्यातून एकदा वहीत उतरवलं की रॉड कधी जाणार हे तीन महिने आधी कळतं.

एकच रॉड मोडला म्हणून एकच नवा टाकणं हे सगळीकडे चालतं आणि सगळीकडे महाग पडतं. सिरीजमध्ये जोडलेल्या जुन्या-नव्या रॉडांत करंट सारखा असतो, त्यामुळे जास्त रेझिस्टन्सचा जुना रॉड जास्त तापतो, आणखी म्हातारा होतो, आणखी तापतो, आणि आठवड्यात जातो. पॅरललमध्ये उलट, नवा जास्त खेचतो, पण त्याचा रेझिस्टन्स वाढला की तो इतरांच्या रांगेत येतो. म्हणून शक्यतो पॅरलल जोडणी, एका गटात एकाच वयाचे रॉड, आणि काढलेल्या रॉडांतले चांगले दोन-तीन त्यांचा रेझिस्टन्स खडूनं लिहून फळीवर ठेवा. बदली करताना जवळच्या आकड्याचा जुनाच रॉड लावा.

रॉडचं आयुष्य खाणाऱ्या गोष्टींत तापमान ही एकच नाही. पाण्याची वाफ सिलिकाचा थर वाढवते. भट्टीचं अस्तर नवं केलं असेल तर ते जुन्या रॉडांवर किंवा गॅस बर्नरवर सुकवा, नवे रॉड मागाहून. अल्कली तर थर विरघळवून टाकते: सोडा किंवा कॉस्टिकच्या पाण्यात धुतलेले पार्ट नीट न खंगाळता भट्टीत गेले, किंवा शेजारी सॉल्ट बाथ (वितळलेल्या क्षारांचं कुंड) चालू असला, तर सिलिका पातळ काच होऊन ओघळते आणि संरक्षण संपतं. पार्ट गरम साध्या पाण्यात दोनदा खंगाळून, पूर्ण वाळवून मगच भरा. आणि चालू-बंद. थरातली सिलिका कालांतरानं क्रिस्टोबालाईट नावाच्या स्फटिकात बदलते. गार होताना साधारण २०० ते २७० अंशांदरम्यान हा स्फटिक एकदम आकसतो आणि थराला केसासारख्या भेगा पडतात. पुन्हा तापवताना त्यांतून ऑक्सिजन आत. म्हणून रोज संध्याकाळी भट्टी पूर्ण गार करण्यापेक्षा ६००-७०० वर धरून ठेवणं रॉडला मानवतं. वीजबिल आणि रॉडची किंमत यांचा हिशेब प्रत्येकानं आपापला करावा, पण आठवड्यातून पाच दिवस चालणाऱ्या भट्टीत बहुधा धरून ठेवणंच स्वस्त ठरतं. वीज गेली तर दार उघडून बघायचा मोह टाळा. बाकी सोलापूरच्या मे महिन्याचे ४३ अंश भट्टीला काहीच नसतात, ते भट्टीची वीज सांभाळणाऱ्या थायरिस्टर पॅनेलला असतात. पंखा आणि जाळी तिथली साफ करा.

सिलिकॉन कार्बाईडबद्दल दोन उलट्या वाटणाऱ्या गोष्टी सांगायला हव्यात. भट्टीत माल ठेवायच्या नायट्राईड बंधाच्या प्लेटा आणि खांब ८०० ते १००० अंशांच्या पट्ट्यात कधीकधी १३०० पेक्षा लवकर खराब होतात. इतक्या तापमानाला ऑक्सिडेशन होतं, पण सिलिका वाहून छिद्रांची तोंडं बंद करण्याइतकी मऊ नसते. त्यामुळे ऑक्सिजन खोलवर शिरतो, आतून सिलिका भरत जाते, प्लेट फुगते आणि वाकते. हजाराच्या खालीच कायम काम असेल तर नव्या प्लेटा आधी एकदा १३०० च्या वर हवेत भाजून तोंडं मिटवून घेणं फायद्याचं. दुसरी गोष्ट निर्वात भट्टीची. ऑक्सिजन जितका कमी तितकं चांगलं, असं इथे नाही. १४०० अंशांना ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा हजारो पटींनी कमी झाला की घन सिलिकाऐवजी सिलिकॉन मोनॉक्साईडचा वायू बनतो, थर बसतच नाही आणि रॉड किंवा प्लेट झिजत जाते. गार भिंतीवर तपकिरी-पांढरी रुई जमलेली दिसली तर गळती शोधा.

टिटॅनियम, झिर्कोनियम आणि हाफ्नियमची कार्बाईडं या दोन टोकांच्या मध्ये येतात. त्यांचे ऑक्साईड उडत नाहीत, वितळतही नाहीत, जागेचं गुणोत्तरही सोसण्यासारखं: टिटॅनियमला १.५५, झिर्कोनियमला १.४ आणि हाफ्नियमला १.४५ च्या आसपास. तरी झिर्कोनियम कार्बाईड ४००-५०० अंशांपासूनच जळू लागतं. कारण झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन सहज धावतात. गाडीच्या एक्झॉस्ट पाईपमधला ऑक्सिजन सेन्सर याच गुणावर चालतो. म्हणजे थर अगदी दाट बसला तरी तो दार आहे, भिंत नाही. वर झिर्कोनिया ११७० अंशांच्या आसपास स्फटिकाची रचना बदलतो आणि गार होताना परत बदलून चार-पाच टक्के फुगतो, त्यामुळे ११७० च्या वर तयार झालेला थर भट्टीतून काढताच सुटून पडतो. हाफ्नियाचा हा बदल खूप वरच्या तापमानाला होतो, म्हणून तो जास्त चिकटून राहतो. या कुटुंबाला हवेत वापरायचं तर त्यात सिलिकॉन कार्बाईड मिसळतात, म्हणजे काचेचा लेप उसना घेतात. सुमारे १६०० पर्यंत तो उपयोगी, त्यापुढे काच पातळ होऊन खालच्या वायूनं बुडबुडे धरते.

फवारून बसवलेल्या लेपांतही हेच तत्त्व चालतं. टंगस्टन कार्बाईड-कोबाल्टचा लेप झिजेला नंबर एक, पण सुमारे ५०० अंशांपर्यंतच. त्याहून जास्त तापमानाला काम असेल तर निकेल-क्रोमच्या बंधातलं क्रोमियम कार्बाईड घ्या, ते ८५० च्या आसपासपर्यंत चालतं. कडकपणा कमी, पण क्रोमियमचा ऑक्साईड दाट आणि चिकट.

विद्यार्थ्यासाठी. झिर्कोनियम आणि हाफ्नियमच्या नादी लागू नका, महाग पडतं. कोटिंग नसलेले के ग्रेडचे टंगस्टन कार्बाईड इन्सर्ट आणि सिलिकॉन कार्बाईडचे तुकडे पुरेत. १० × १० × ३ मिलिमीटरचे तुकडे डायमंड व्हीलवर कापा, सगळ्या बाजू सारख्या घासा, कडा किंचित मारा, ॲसिटोनमध्ये धुऊन वाळवा. असा तुकडा ३.२ चौरस सेंटिमीटरचा होतो. क्षेत्रफळ मोजमाप घेऊन काढा, गृहीत धरू नका. ०.१ मिलिग्रॅमचा तराजू लागेल. ॲल्युमिनाच्या बोटी (तुकडा ठेवायची छोटी पसरट भांडी) आधी हजार अंशांना रिकाम्या भाजून त्यांचं वजन स्थिर करा. मफलचा डिस्प्ले खरा मानू नका, तुकड्याशेजारी वेगळं के टाईप थर्मोकपल ठेवा, २०-३० अंशांचा फरक सहज निघतो आणि तेवढ्यानं वेग बराच बदलतो.

भट्टी तापमानाला आल्यावर तुकडा आत, वेळ संपताच बाहेर. १, २, ४, ८, १६ तासांसाठी पाच वेगळे तुकडे वापरा. एकच तुकडा पुन:पुन्हा काढून तोलला तर गार होण्याच्या भेगाही मोजमापात येतात. तापमानं टंगस्टनसाठी ६००, ७००, ८००, सिलिकॉन कार्बाईडसाठी भट्टी देईल तेवढं वरचं, किमान ११००. सिलिकॉन कार्बाईडमध्ये वाढ इतकी थोडी असेल की तराजूची अचूकताच कमी पडेल, तेव्हा तिथे मोठे तुकडे आणि जास्त तास घ्या. टंगस्टनसाठी वाढलेलं वजन भागिले क्षेत्रफळ वेळेसमोर मांडलं की सरळ रेषेच्या जवळ येईल. सिलिकॉन कार्बाईडसाठी त्याच आकड्याचा वर्ग मांडला तर सरळ रेषा मिळायला हवी.

हिशेबात एक चूक ठरलेली असते. वाढलेलं वजन म्हणजे नुसता आलेला ऑक्सिजन नव्हे, त्यातून गेलेला कार्बन वजा झालेला असतो. टंगस्टन कार्बाईडच्या एका मोलमागे ४८ ग्रॅम ऑक्सिजन येतो आणि १२ ग्रॅम कार्बन जातो, निव्वळ ३६. त्यावरून दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम वाढ म्हणजे ३.५ मायक्रॉन कार्बाईड संपलं. टिटॅनियम आणि सिलिकॉनला ३२ येतात, १२ जातात, तिथे तीच १ मिलिग्रॅम वाढ ६ मायक्रॉनपेक्षा थोडं जास्त कार्बाईड खाते. दोन पदार्थांची तुलना मिलिग्रॅममध्ये करू नका, मायक्रॉनमध्ये करा. पूर्ण जळाल्यावर टंगस्टन कार्बाईडचं वजन १८.४ टक्के वाढतं, कोबाल्टसह १९ च्या जवळ. आकडा याहून मोठा आला तर बोटीचं काहीतरी चिकटलं आहे. ९०० च्या वर उलट घडतं: ऑक्साईड उडून जातो, वजनाची वाढ कमी दिसते आणि रेषा खोटं बोलते. तिथे सुटा थर ब्रशनं काढून उरलेल्या गाभ्याची जाडी मायक्रोमीटरनं मोजा. आणि बोटीवर झाकण ठेवा, पण फट सोडून. गार होताना उडालेले पापुद्रे बोटीतच राहिले पाहिजेत, नाहीतर तोलायला जे हवं तेच भट्टीच्या तळाशी सांडलेलं असतं.